माझा वाटा

सर्जेकोटच्या जेटीवर मासा हातात घेते
आणि सांगते : सव्वा किलो.
काट्यावर टाका, फार तर सुपारीएवढा फरक.
बावीस वर्षांत एकदाच चुकले,
तेही इसवणाच्या पोटात गाबोळी होती म्हणून.

शाळेत तपासणीला आलेल्या बाईनं
लौकिकला काट्यावर उभं केलं,
उतरवलं, पुन्हा उभं केलं.
बावन्न.
दहावं वर्ष सुरू आहे त्याला.
मागच्या रांगेत पोरं हसली.
तो चपला शोधत राहिला,
चपला समोरच होत्या.

रोज रात्री ज्याला कुशीत घेते
त्याचं वजन मला कळलं नाही.
किंवा कळलं होतं
आणि मी त्याला बाळसं म्हणत होते,
मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकत होते.

‘खाण्यात काय काय असतं?’
बाईनं पेन उघडलं.
भात, कालवण, मासे, मी म्हटलं.
खरंच बोलले. पण वाटा लावताना
वर ताजा बांगडा ठेवतात आणि खाली कालचे,
तसं खरं.

खाली हे होतं :
पहाटे पाचला मी लिलावाला, त्याच्या उशाशी दहा रुपये.
दहा रुपयांच्या पिवळ्या पुड्या
माटवीला फळं बांधावीत तशा
वाडीतल्या दर दुकानावर लोंबतात.
दुपारी तो एकटा, आणि गार बाटली.
पंधरा दिवसांनी बाप ट्रॉलरवरून उतरतो,
जवळ घेत नाही, पिशवी देतो :
क्रीमची बिस्किटं, केक, चॉकलेटं,
पंधरा दिवसांची माया एका संध्याकाळी.

त्याच्या खाली, बर्फाच्याही खाली,
मी नऊ वर्षांची.
होड्या वर ओढलेल्या, आषाढ.
पेज, मग निवळ, मग नुसतं मीठ.
आई म्हणायची, झोप, झोपेत भूक लागत नाही.
लागते.
म्हणून ‘पोट भरला’ म्हणाला तरी
आणखी एक घास त्याच्या तोंडाशी :
‘खा रे झिला, माका बरा वाटता.’
माका.

आणि तळाला हरेश, माझा दीर.
अडकलेलं जाळं सोडवायला उडी मारली.
होडी आली. तो तिसऱ्या दिवशी
आचऱ्याच्या पुळणीला लागला.
तेव्हापासून लौकिकनं पाण्याकडे जायचं नाही.
वाडीतली पोरं रापणीच्या दोरीला लोंबकळतात,
ओंजळभर मासळी मिरवत घरी आणतात.
माझा खिडकीत.
‘बस हयसर,’ म्हणत मीच त्याच्या हातात फोन दिला.
फोनमध्ये कुणी बुडत नाही.

नवरा म्हणतो, तू लाडावलंस.
मी म्हणते, पिशव्या कुणी आणल्या?
रात्रभर आमचा लिलाव,
बोली चढत जाते, माल कुणी उचलत नाही.
पलीकडे तो जागा असतो.
हल्ली झोपेत घोरतो,
आत्ता घोरत नाही, त्यावरून कळतं.

आज ओहोटीला त्याला पुळणीवर नेलं.
ओल्या वाळूत त्याचे ठसे माझ्याहून खोल.
शंभरेक पावलांवर थांबला, गुडघ्यांवर हात, धाप.
‘घराक जावया’ म्हणायला मी तोंड उघडलं,
मिटलं.

‘आये, पाण्यात जाव?’

घोट्यापर्यंत.
मग थोडं पुढे.
शर्टाचं टोक माझ्या मुठीत,
ज्या हाताला माशाचं वजन कळतं, त्याच.
एक लाट आली आणि तिनं त्याला जरासं उचललं.
तो किंचाळला, हसला,
किती दिवसांनी.

‘सोड ना गे.’

एक बोट सोडलं.